वास सांग

“वास सांग.”

चौबळकाका माझ्याशी बोललेले पहिले शब्द हे. नाव नाही, गाव नाही, ‘ये, बस’ नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी शिकायला येऊन मला जेमतेम पंधरवडा झाला होता. अपार्टमेंटमधल्या मैत्रिणीबरोबर मी गणपतीच्या जेवणाला त्यांच्या घरी गेले होते. दारात बूट काढायला वाकले, तोच डोक्यावरून हा हुकूम आला. वर बघते तर उंच, किडकिडीत गृहस्थ, कॉर्डरॉयच्या पँटवर उपरणं घेतलेले, कपाळावर डावीकडे जुन्या जखमेचा व्रण.

“आतून कसला वास येतोय? सांग.”

“छान येतोय,” मी म्हटलं.

“छान हा वास नाही. नापास. पुढची कोण?”

माझ्यामागची मैत्रीण सराईत होती. तिने दारातूनच सांगून टाकलं, “काका, तूप कढतंय, बेरी आता लालसर झाली असणार. आणि कुणाचे तरी मोजे ओले आहेत.” काका खूश झाले. तिला आत घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “शीक जरा.”

मला तेव्हा वाटलं, माणूस चक्रम आहे. जेवताना कळलं की काकांना वासच येत नव्हता. कसलाच नाही. मी तिथे जायच्या काही वर्षं आधी त्यांची गाडी हिवाळ्यात रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून घसरून झाडावर आदळली होती. कपाळ फुटलं ते शिवलं, हाडं जुळली, पण नाकापासून मेंदूकडे जाणारी कुठलीशी बारीक नस तुटली ती तुटलीच. डॉक्टरांनी सांगितलं, हे काही परत जोडता येत नाही. काका म्हणायचे, “बिल वेळेवर भरूनही कनेक्शन कापलं बघ.”

आणि हा माणूस पोटासाठी काय करायचा, तर माती तपासायचा. रस्ते आणि पूल बांधायच्या आधी तिथली माती कशी आहे ते बघायचं काम. त्यांच्या ऑफिसातले लोक सांगत की पूर्वी चौबळ मातीचा नमुना आधी हुंगायचे आणि मग मशीनकडे द्यायचे. वास गेल्यावर काम अडलं नाही, मशीन होतंच. पण माणूस अडला. मग त्यांनी ही युक्ती काढली. भेटेल त्याला वास विचारायचा. कॅम्पसच्या बसमध्ये, पोस्टात, कुणाच्या बारशाला. एकदा सुपरमार्केटमध्ये एक अमेरिकन म्हातारी खरबूज हुंगत उभी होती, तिलाही त्यांनी अदबीने विचारलं. मला वाटलं, आता ही बाई मॅनेजरला बोलावते. तर ती खरबूज हातात धरून आपल्या बापाच्या शेतातली माती, गवताच्या गंज्या, सप्टेंबरमधली दुपार असं सगळं सांगत बसली आणि शेवटी डोळे पुसायला लागली. काकांनी तिला स्वतःचा रुमाल दिला. खरबूज मात्र दोघांनीही घेतलं नाही.

हळूहळू मी शिकले. नागपूरच्या घरात मी काय वास घेतले होते? फोडणी, उदबत्ती, कूलरच्या ओल्या वाळ्याचे पडदे, संपलं. काकांनी मला नाक दिलं असंच म्हणायला हवं. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकाला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि त्याच्या मागे थोडासा शेंगदाण्याचा, हे मी शोधून काढलं तेव्हा त्यांनी मला पास केलं. त्यांना सांगताना ते डोळे मिटून घेत. मी बोलत असे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत जाई. ते बघायची मला चटकच लागली.

आता कुणी म्हणेल, घरात बायको होती की. तिला का नाही विचारायचे? विचारायचे ना. मंदाकाकूचं उत्तर ठरलेलं असे. “मंदा, दारातली लायलॅक फुलली का गं? वास कसा आहे?” काकू भांडी विसळता विसळता म्हणायची, “काही विशेष नाही.” कॉफीचा वास? “काही विशेष नाही.” पावाच्या बेकरीवरून जाताना? “काही विशेष नाही हो, चला.”

पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण त्यांच्या गणपतीपुढे उदबत्ती नव्हती. काकू कधी गजरा माळत नसे, सेंट लावत नसे. तिच्या हातचं जेवण म्हणजे पिठलं, भात, दूधभात, आजारी माणसाला चालेल असं. आणि न्यू जर्सीहून, फिलाडेल्फियाहून येणारे जुने लोक मात्र ताटावर बसल्या बसल्या उसासे टाकत, “मंदावहिनी, काय तुमचं ते चिंबोऱ्यांचं कालवण असायचं! आम्ही तीन-तीन तास ड्राइव्ह करून यायचो.” चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, हे नागपूरच्या मला तिथेच कळलं. काकू हसून भात वाढायची.

एकदा मी तिला सरळ विचारलं, असं का. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “शुभा, त्या दिवशी गाडी मी चालवत होते.”

तिने हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

“नवीन शिकले होते. हे म्हणाले, चालव, काही होत नाही. मला खरचटलंसुद्धा नाही बघ. यांचं गेलं ते माझ्या हातून गेलं. मग मी एकटीने काय वास घेत बसायचं?”

असं ते व्रत होतं. अपघातानंतर काकूने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही आणि वासाची हौस म्हणून घरात काही ठेवलं नाही. काकांना हे अर्थातच कळत होतं. ते एकदा माझ्यापाशी म्हणाले, “माझं नाक गेलं त्याचं एवढं नाही गं. एका अपघातात दोन नाकं गेली, हे मला सहन होत नाही.” विनोदाच्या सुरात म्हणाले, पण हसले नाहीत.

माझं शिक्षण संपलं आणि मला कॅलिफोर्नियात जॉब मिळाला, फ्रीमाँटजवळ. मी विमानाचं तिकीट काढणार होते. काका म्हणाले, “विमानातून काय दिसणार, ढग? चल, आम्ही तुला सोडायला येतो. गाडीने.” अख्खा देश आडवा ओलांडून सोडायला! काकू म्हणाली, “यांना फिरायचंय, तू निमित्त आहेस.” खरं तर निमित्त वेगळंच होतं. काकांना काकूला घराबाहेर काढायचं होतं, इतक्या लांब की कुठेतरी तिच्या तोंडून ‘काही विशेष नाही’ खेरीज दुसरं काहीतरी निघेल. हे त्यांनी मला निघायच्या आदल्या दिवशी गाडीत सामान कोंबताना सांगितलं, आणि वर दम दिला, “तोंड उघडलंस तर नेब्रास्कात उतरवीन.”

तो प्रवास मला आता स्वप्नासारखाच आठवतो. कुठलं गाव आधी आणि कुठलं नंतर याचा पत्ता नाही. लांबलचक जुनी स्टेशन वॅगन, काका चालवतायत, काकू शेजारी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन, मी मागे उशांमध्ये आणि पुस्तकांच्या खोक्यांमध्ये. दोन्ही बाजूंना मका. डोळा लागायचा, उघडायचा, अजून मका. मग मका कधीतरी विरून जायचा आणि नुसतं गवत, आणि गवतावरून सरकणारी ढगांची सावली. काका काचा खाली करून म्हणायचे, “वास सांग.” मी अर्धवट झोपेत सांगायचे, हिरवा, गोडसर, कणीस सोललं की येतो तसा. वायोमिंगच्या माळावर करड्या झुडपांचा वास सांगताना मला शब्दच मिळेनात. ओव्यात कापूर कुटला तर येईल तसा, म्हटलं. काका कितीतरी मैल त्यावर विचार करत राहिले.

युटात मिठाचं मैदान लागलं. पांढरं, पार डोंगरापर्यंत. दोघं रेवदंड्या-अलिबागकडची, लहानपण मिठागरांशेजारी गेलेलं. काका गाडी थांबवून उतरले आणि उभेच राहिले. काकूही उतरली. वारा सुटला होता, तिचा पदर फडफडत होता.

“मंदा, आपल्या मिठागरांसारखा येतो का गं?”

काकूने मोठा श्वास घेतला. मी बघत होते. मग ती गाडीकडे वळली आणि म्हणाली, “काही विशेष नाही.”

काका त्या रात्री मोटेलमध्ये जेवले नाहीत.

सिएराचे डोंगर उतरून आम्ही सॅन होजेच्या बाजूला पोचलो तेव्हा दुपार झाली होती, शनिवार. माझ्या अपार्टमेंटची किल्ली संध्याकाळी मिळणार होती. भूक लागली होती. काकूचा चिवडा संपला होता, उरली होती फक्त मेतकुटाची पुडी. एका रस्त्याला लागून बुटक्या दुकानांची रांग होती. पाट्यांवर अक्षरं इंग्रजी, पण वर-खाली शेपट्या आणि टोप्या लावलेली. काकांनी एकदम ब्रेक मारला.

“ते बघा.”

एका दुकानाची काच वाफेने धूसर झाली होती. आत माणसं मोठमोठ्या वाडग्यांवर वाकून बसली होती. खात नव्हती. डोळे मिटून नुसती वाकली होती.

“हे लोक आधी वास घेतात,” काका म्हणाले. “हे आपले लोक आहेत.”

ते होते व्हिएतनामी. लढाई संपल्यावर मिळेल त्या होडीने देश सोडून आलेली कितीतरी माणसं त्या भागात राहत होती. आम्हाला तेव्हा यातलं फारसं काही माहीत नव्हतं. गल्ल्याजवळ एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो होता, पुढे संत्री ठेवलेली आणि उदबत्ती जळत होती. काकूने सवयीने हात जोडले आणि मग उदबत्तीकडे बघून चटकन मागे सरली.

मालकीणबाई ठेंगणी, अंबाड्यात पेन खोचलेली. काकांनी विचारलं, “नो बीफ?” ती हसून म्हणाली, “बीफ! यस, यस!” काकू घाबरीघुबरी. “अहो, नीट सांगा तिला. भलतंच काहीतरी आणून ठेवेल.” तेव्हा काकांनी काय करावं? भर दुकानात डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली, “मूऽऽ” असं मोठ्यांदा हंबरले आणि मग त्या न दिसणाऱ्या गाईला वाकून नमस्कार केला. “नो.”

सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. बाई तोंडावर हात धरून हसत सुटली. मग तिने मान डोलावली, कळलं म्हणून, आणि आपली बोटं टेबलावर टेकवून तिरकी तिरकी चालवली.

“चिंबोरी!” काकू म्हणाली.

तिच्या तोंडून ते निघूनच गेलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे.

तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. दगडी खलात काहीतरी कडक ठेचल्याचा, कचकच, कचकच. काकू ताठ बसली. थोडा वेळ टेबलावरचा मिठाचा शेकर उगाच इकडून तिकडे करत राहिली. मग उठली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आम्हाला ती पाठमोरी दिसत होती. आधी नुसती दारात, मग चौकटीच्या आत, मग पदर खोचलेली.

“अहो, पाय ठेचून रस काढतात हे लोक!” तिने तिथूनच ओरडून सांगितलं. “अगदी आपल्यासारखं! पण एकदाच गाळतात. दुसरं पाणी घालतच नाहीत!”

मग तिने ते दुसरं पाणी घालून दाखवलंच. एकीचं मराठी, दुसरीचं व्हिएतनामी, दोघींच्या हातात मिळून एक फडकं, आणि त्यातून पातेल्यात पडणारं करडं पाणी. चिंबोरीच्या बारक्या पायांना मांस नसतं, पण सगळी चव त्यांच्यात असते, आणि ती अशी ठेचून, गाळून काढायची हे दोघींनाही आपापल्या आयांनी शिकवलेलं. काकू मध्येच बाहेर डोकावून म्हणाली, “रस तापला की ढवळत नाहीत! त्याचा गोळा आपोआप वर येऊन तरंगतो, दूध फाटल्यासारखा!” तिचे गाल लाल झाले होते. इतक्या वर्षांत ती एका दमात एवढं बोललेली मी ऐकली नव्हती.

वाडगे आले. टोमॅटोने तांबूस झालेलं सार, खाली तांदळाच्या शेवया, वर तो गोळा, आणि शेजारच्या ताटात पुदिना, लिंबाच्या फोडी आणि बारीक चिरलेलं कच्चं केळफूल. त्याला बुन रियू म्हणतात हे मला पुढे कळलं. मी शाकाहारी, माझ्या वाट्याला केळफूल आणि लिंबू. पण काकांनी वाडगा माझ्यापुढे सरकवला. “खाऊ नकोस. नुसतं सांग.”

मी वाकले. सांगितलं, चिंचेचा आंबटपणा आधी येतो, मग टोमॅटो, मग तळलेला कांदा. आणि खाली काहीतरी सुकवलेलं, मासळीबाजारावरून मी नाक दाबून जाते तसलं. आणि त्याच्याही खाली एक वास आहे काका, तो मला माहीतच नाही. तो मला सांगता येत नाही.

“तो मला माहितीय,” काका म्हणाले.

काकू हात धुऊन, लिंबाची फोड बोटांवर चोळत येऊन बसली. काकांनी वाडग्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी तिचा ओला हात धरला आणि नाकापाशी नेला.

“अहो, हे काय! लोक बघतायत.”

काकांनी डोळे मिटले होते. कितीतरी वेळ. दुकानातला गलबला चालू होता, पंखा फिरत होता, काचेवरून वाफेचा एक ओघळ खाली उतरत होता.

“आला,” काका म्हणाले.

“काय आला?”

“वास आला, मंदा. तोच. मी तुला बघायला रेवदंड्याला आलो होतो. तू मागल्या दारी आईबरोबर चिंबोऱ्या ठेचत होतीस, आणि आम्ही लवकर टपकलो म्हणून तशीच धावत हात धुऊन बाहेर आलीस. लिंबू चोळलं होतंस, पण वास गेला नव्हता. कपबशी पुढे केलीस तेव्हा आला मला. आधी लिंबू, आणि मग तो. तिथेच ठरवलं मी. चहा कसा होता देव जाणे.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. “खरंच येतोय?” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तुम्हाला खरंच येतोय?”

“येतोय.”

ती रडली. दुकानात, सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन. मीही रडले, कशाला खोटं बोलू? मालकीणबाई धावत आली, तिला वाटलं तिखट जास्त झालं, तिने पाण्याचे पेले आणले. मग काकूने डोळे पुसले, वाडगा पुढे ओढला, त्यावर वाकली आणि तिने इतका लांब श्वास घेतला की मला वाटलं, मधल्या सगळ्या वर्षांचा हिशेब ती एका दमात पुरा करतेय. तो वाडगा तिने संपवला. काकांचाही अर्धा संपवला.

दोघं परत जाताना नेवाडातून फोन आला. काकूच होती. “शुभा, काल गाडी मी चालवली! सरळच्या सरळ रस्ता, एक माणूस नाही. हे शेजारी झोपले, घोरत होते.”

पुढे स्टेट कॉलेजच्या बातम्या येत राहिल्या. चौबळांकडे परत कालवण शिजायला लागलं होतं, वास पार्किंग लॉटपर्यंत येतो म्हणे, फिलाडेल्फियाची मंडळी पुन्हा ड्राइव्ह करून येतात. गणपतीपुढे उदबत्ती असते. काका पंगतीत पहिला घास घ्यायच्या आधी “अहाहा!” म्हणतात. मीही फ्रीमाँटमध्ये रुळले. ते सार मी आजही खात नाही, पण त्याचा वास मला रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखता येतो.

दोन-तीन वर्षांनी दोघं पुन्हा आली, या वेळी विमानाने. काका थकले होते, मध्ये हृदयाचं काहीतरी झालं होतं. आम्ही त्या दुकानात जाऊन आलो. मालकीणबाईने काकांना बघताच डोक्याला शिंगं लावून नमस्कार केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात काका गेले, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या खेपेला, विमानतळावर पोचवायला गेले तेव्हा.

माझ्या बाल्कनीत कुंडीत मोगरा होता, शेजारच्या गुजराती बाईने दिलेल्या फांदीचा. निघायच्या दिवशी सकाळी मी काकूला गजरा करून दिला. तिने तो लगेच माळला. विमानतळाच्या लांबच लांब गालिच्यावरून ती पुढे झपझप चालली होती, हातात पिशवी, केसांत तो पांढरा गजरा. काका माझा हात धरून मागे हळूहळू येत होते.

“शुभा,” ते एकदम हलक्या आवाजात म्हणाले, “तिच्या गजऱ्याचा वास सांग.”

मी हसले. “आता कशाला माझी परीक्षा घेताय? आता तुम्हालाच येतो की.”

ते काकूच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

“परत गेला?” मी विचारलं. “कधी?”

“आलाच नव्हता.”

“मग त्या दुकानात? काकूच्या हाताचा?”

“तो मला पाठ होता गं,” काका म्हणाले. “सांग लवकर. ती वळेल.”

मी सांगितलं. ‘छान’ म्हटलं नाही. वरचा गोड आहे काका, पण जड नाही, कळ्या अजून पुऱ्या उमललेल्या नाहीत. त्याच्या खाली देठांचा हिरवा, कडवट. मग ओल्या दोऱ्याचा. मग काकूच्या केसांतलं खोबरेल, आणि मानेपाशी घामाचा अगदी थोडा, घाईघाईने चालल्याचा. काका डोळे मिटून माझ्या हाताच्या आधाराने चालत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं हळूहळू उजळत गेलं.

गेटपाशी काकू थांबली आणि वळली. “काय चाललंय गं दोघांचं मागे? काय कुजबुजताय?”

काकांनी डोळे उघडले.

“काही विशेष नाही,” ते म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.